बगबेअरचा वीस पडला, आता काय?

प्रश्न : आम्ही दर रविवारी डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांवर चालणारा भूमिकांचा खेळ खेळतो (२०१४चे नियम), मी डन्जन मास्टर, म्हणजे गोष्ट आणि राक्षस माझ्याकडे. पहिल्याच लढाईत बगबेअर या राक्षसाचा वीसपैलू फाशावर २० पडला आणि भाचीचा पहिल्या लेव्हलचा, ८ हिट पॉइंटचा (किती मार सोसेल त्याचे गुण) जादूगार जागीच गेला. पोरगी रुसली आहे. राक्षसांचे क्रिटिकल (२० पडल्यावर बसणारा दुप्पट फाशांचा वार) बंदच करू का?

उत्तर : सरसकट नको. आधी हिशेब बघा. बगबेअरच्या मॉर्निंगस्टारचे (काटेरी गदेचे) दोन आठपैलू फासे अधिक २, म्हणजे सरासरी ११. क्रिटिकलला फासे चार होतात, वरचे २ तसेच. सरासरी थेट २०. आठ पॉइंट संपूनही १२ उरतात. उरलेला मार कमाल हिट पॉइंटांइतका किंवा जास्त असला की डेथ सेव्हसुद्धा (फासा टाकून मरणातून वाचायची संधी) मिळत नाही. खरी मेख तिथे आहे.

माझ्या टेबलावर तिसऱ्या लेव्हलपर्यंत राक्षसाच्या क्रिटिकलला फासे दुप्पट होत नाहीत. नेहमीचा मार बसतो आणि पात्र आडवं पडतं. दरारा राहतो, बहुतेकदा जीव वाचतो. पुढे पूर्ण नियम. २०२२च्या चाचणी नियमांत राक्षसांचे क्रिटिकल काढूनच टाकले होते. २०२४च्या पुस्तकात ते परत आले. बरंच झालं म्हणायचं!

आणि गॉब्लिन या छोट्या राक्षसांची झुंड सोडताना जपून. सहा जणांनी एकेक वार केला, तर एका फेरीत निदान एक २० पडण्याची शक्यता २६ टक्के. पडद्याआड फासा फिरवून खोटं सांगणं मला तरी पटत नाही. बदल पोरांना आधीच सांगा.

ॲडमन्टाइन या अतिकठीण धातूच्या चिलखतावर क्रिटिकल साधा वार ठरतो. ते लढवय्याला बक्षीस द्या. भाचीला नको, चिलखताचं प्रशिक्षण नसलेल्या जादूगाराला ते घालून मंत्रच टाकता येत नाहीत.