बोहल्यावर आईची जागा

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. वडील गेल्यावर तुला वाढवले ते आईने. तरीही कन्यादानाला काका-काकूंनी बसावे आणि आईने मागे राहावे, असे आजींचे म्हणणे आहे, आणि त्यावरून तू त्यांच्याशी बोलणे सोडले आहेस. तुझा आग्रह मला पूर्णपणे मान्य आहे आणि तो तू सोडू नयेस, हे आधीच सांगते. यापुढे लिहिते ते केवळ तो कसा तडीस न्यावा यासंबंधी.

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात मी हाच आग्रह धरला होता. परंतु तो धरला ऐन मांडवात, गुरुजी संकल्प सांगू लागले असताना. मी आईला हाताला धरून पाटाकडे नेऊ लागले, तेव्हा तिने हात सोडवून घेतला आणि ती कोठीच्या खोलीत जाऊन बसली. तिला काय हवे आहे, हे तिला विचारायचेच राहून गेले होते. तिच्या मानासाठी मी भांडत होते आणि साऱ्या मांडवाच्या नजरा तिच्याकडे वळवल्या त्याही मीच. म्हणून तू आईशी आधी निवांत बोल, आणि ती नको म्हणाली तर ते संकोचाने म्हणते की मनापासून, हे समजून घ्यायला तिला आणि स्वतःलाही वेळ दे.

आता आजींविषयी. त्या स्वतः बत्तिसाव्या वर्षी विधवा झाल्या, असे तूच मला सांगितले होतेस. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक हळदीकुंकवाला, प्रत्येक ओटीला, मुलांच्या लग्नातल्या प्रत्येक विधीला त्या आपण होऊन बाजूला झाल्या असतील. आज तुझी आई पाटावर बसली आणि काहीही अशुभ घडले नाही, तर आपण इतकी वर्षे बाजूला उभे राहिलो ते कशासाठी, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहील. त्यांच्या विरोधात मला दुष्टपणा दिसत नाही. हे दुःख दिसते. त्यांच्याशी वाद घालण्यापूर्वी त्यांच्या मुलांच्या लग्नांत त्या कुठे उभ्या होत्या, एवढेच विचार आणि त्या सांगतील ते मधे न बोलता ऐक.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे आणि जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. हे सारे तुला ठाऊक असेल. परंतु आजींपुढे ते कागद ठेवून काही साधेल, असे मला वाटत नाही. गुरुजींशी मात्र आधीच बोलून ठेव. कन्या देण्याचा अधिकार असलेल्यांमध्ये याज्ञवल्क्यस्मृतीने, शेवटी का होईना, आईचे नाव घेतले आहे. ते गुरुजींच्या तोंडून आजींच्या कानी पडले तर त्यांना ते मानणे सोपे जाईल. ते गुरुजी तयार नसतील, तर पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीसारख्या संस्थांत तयार झालेल्या स्त्री पुरोहितांकडे चौकशी कर.

आजींचे मन राखण्यासाठी आईची जागा सोडावी का, असे तू विचारले आहेस. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असलेल्या न्यायमूर्ती रानडे यांनाही 1873 मध्ये, पहिली पत्नी वारल्यावर, वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न करावे लागले. पुढे त्यांनी रमाबाईंना शिकवले, पण त्या नमण्याचा ठपका त्यांच्यावर कायम राहिला. मुहूर्त, देवक, जेवणावळीचा बेत, रुखवत, यांत आजी म्हणतील तसे खुशाल होऊ दे. त्याने कुणाचा अपमान होत नाही. आईच्या पाटाविषयी मात्र तडजोड करू नकोस.

आणि तुझी पहिली ओटी आजींनी भरावी, अशी विनंती त्यांना तू स्वतः कर. त्या नको म्हणतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचार. त्यांचे गुडघे दुखतात, तेव्हा बोहल्याजवळ त्यांच्यासाठी पाठ टेकता येईल अशी खुर्ची ठेवायला आतापासूनच सांगून ठेव.