“डॉक्टरच म्हणतात ‘सांगता येत नाही’, मग करायचं कुणाच्या भरवशावर?”

नाकाची शस्त्रक्रिया करायला निघालेल्या घरांतून हा प्रश्न हमखास येतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक उदाहरण.

मुलगी २६ वर्षांची. नाकाच्या कण्यावर उंचवटा, शेंडा किंचित झुकलेला. लग्न १० आठवड्यांवर आलेलं. सर्जननी अर्धा तास दिला, तरी ती रडवेली होऊन बाहेर पडली. त्यांची उत्तरं तिने वहीत उतरवली होती : ‘साधारण असंच दिसेल’, ‘सूज बरीचशी उतरेल’, ‘पुन्हा करावं लागणारच नाही असं म्हणता येत नाही’. आईचं म्हणणं, “ज्यांची त्यांनाच खात्री नाही, त्यांच्या हाती नाक कसं द्यायचं?” दुसऱ्या एका ठिकाणी ‘शंभर टक्के’ मिळाले होते. फोनवर, नाक न बघता. आईचं मन तिकडे ओढत होतं.

दोघी आमच्याकडे सल्ल्याला आल्या, तेव्हा वही समोर ठेवून एकेक उत्तर उलगडलं. कॉम्प्युटरवर नाक हवं तसं ओढता येतं. खऱ्या नाकात सर्जन हाड घासतो, कूर्चा (नाकातलं लवचिक, मऊ हाड) कापतो, टाके घालून वळवतो. वरची कातडी मात्र स्वतःच्या मर्जीने बसते. शेंड्याची कातडी जाड असली, आणि आपल्याकडे ती बऱ्याच जणांची असते, तर आतलं बारीक काम बाहेर तितकं उठत नाही. जखम भरताना आतून कुठे किती आवळेल हेही आधी कळत नाही. त्यामुळे ‘नक्की असंच दिसेल ना?’ याला प्रामाणिक ‘हो’ नाहीच. त्याऐवजी विचारायचं : “या फोटोतलं काय माझ्या नाकावर जमणं सगळ्यात अवघड आहे?” मग नेमकं उत्तर येतं. उंचवटा जाईल, शेंडा फोटोइतका रेखीव होणार नाही.

सुजेचंही तसंच. स्प्लिंट, म्हणजे नाकावर बसवलेला कडक आधार, साधारण आठवड्याने निघतं, डोळ्यांखालचं काळंनिळं दोन आठवड्यांत ओसरतं, बरीच सूज दोन-तीन महिन्यांत उतरते. शेंड्याची उरलेली सूज वर्षभर रेंगाळते, जाड कातडीत त्याहूनही जास्त. डॉक्टरांच्या ‘बरीचशी’त एवढं सगळं होतं, पण तारीख सांगितल्याशिवाय ते बाहेर येत नाही. “अमुक तारखेला फोटोत काय दिसेल?” असं विचारलं की त्यांनाही दिवस मोजावे लागतात.

आणि वहीत नथ कुठेच नव्हती! ऑपरेशननंतर ४ ते ६ आठवडे चष्मासुद्धा कण्यावर टेकवू देत नाहीत. नाकपुडीला चिमटा काढणारी दाबाची नथ मग कधी चालेल? शेंडा कित्येक आठवडे बधिर असतो, म्हणजे दाब जास्त झाला तरी जाणवत नाही. नाक टोचलेलं असेल तर चमकी आधी काढावी लागते, आणि छिद्र बुजूही शकतं. हे आपण विचारल्याशिवाय सर्जनच्या डोक्यात येईलच असं नाही.

पुन्हा करावं लागण्याचं प्रमाण साधारण शंभरात ५ ते १५ सांगितलं जातं. ‘माझ्याकडे तसं होतच नाही’ म्हणणारा एक तर नवखा असतो, नाही तर दुकान चालवत असतो. विचारायचं ते वेगळंच : तुमच्या रुग्णांत किती जणांना लागलं, किती काळाने करता (सहसा निदान वर्ष थांबतात) आणि खर्च कोणाचा? सर्जनची फी माफ झाली तरी ऑपरेशन थिएटर आणि भूल यांचे पैसे बहुधा पडतातच. जन्मजात व्यंग किंवा अपघात नसेल तर १८ टक्के जीएसटीही आहे; ‘पॅकेज’मध्ये तो धरलाय का, हे लेखी घ्यावं.

अर्थात प्रत्येक ‘सांगता येत नाही’ प्रामाणिक नसतं. त्यामागून ‘का’ आणि ‘तसं झालंच तर काय करू’ आलं, तर विश्वास ठेवावा. ‘सोडा हो माझ्यावर’ आलं, तर उठावं. विचारणं हा उद्धटपणा नव्हे. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की उपचाराचं स्वरूप, फायदे, पर्याय आणि मोठे धोके रुग्णाला पुरेसे समजावून संमती घ्यायला हवी. संमतीपत्र म्हणूनच दोन दिवस आधी, मराठीत मागावं. स्ट्रेचरवर सही करू नये.

वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलं होतं : ‘एवढं करून मी छान दिसेन का?’ हा प्रश्न सर्जनचा नव्हे. नाकाचा विचार रोज तासाहून जास्त चालतो का, आरशापासून हलता येत नाही का, त्यापायी कार्यक्रम टाळले जातात का, हे आम्ही अशा वेळी विचारतो. उत्तरं ‘हो’ असतील तर आधी मानसोपचारतज्ज्ञ, शस्त्रक्रिया नंतर. कारण तशा अवस्थेत नाक कितीही छान झालं तरी समाधान बहुधा होत नाही, तक्रार जागा बदलते. हिचं तसं नव्हतं.

दुसऱ्या भेटीत तिने सात प्रश्न नेले. तीन उत्तरं पुन्हा ‘सांगता येत नाही’च होती, पण कारणांसकट. नथीवर डॉक्टर थबकले. मग कॅलेंडर ओढून म्हणाले, “दहा आठवडे फार घाईचे होतील. लग्नानंतर करू या.”

“अगं, मग लग्नातले फोटो?” आईने बाहेर आल्यावर विचारलं.

“याच नाकाचे,” मुलगी म्हणाली, “नथ घालून.”