शेतीसल्ला: उतारावरचं तण आणि मातीत साठलेलं बी

प्रश्न : मुरबाड तालुक्यात आमची दीड एकर वरकस (उताराची, हलकी) जमीन आहे. नागली (नाचणी), वरी, खुरासणी (कारळा) असं पीक आम्ही फिरवतो. तरी खालच्या बांधालगत कुरडू आणि गवत हटत नाही. मग फेरपालट करायची कशाला? (वाचक, टोकावडे)

उत्तर : फेरपालट चुकलेली नाही, पण उतारावर ती एकटी पुरत नाही. जून-जुलैच्या सरींत वरची भुसभुशीत माती वाहते आणि तिच्यातलं बारीक बी खालच्या बांधाला येऊन अडतं. म्हणजे वरच्या पट्ट्यातलं न उपटलेलं कुरडू पुढच्या वर्षी खाली उगवतं. त्यामुळे मातीत किती बी साठलंय हे बघायला सगळ्या शेताचा एकच नमुना घेतला तर हिशेब फसतो.

मे महिन्यात माथा, मधला भाग आणि पायथा यांचे वेगवेगळे नमुने घ्या. आतून 5 सेंमी व्यासाचा पाइपचा तुकडा प्रत्येक भागात दहा ठिकाणी 10 सेंमी खोल ठोका. वरची 5 सेंमी आणि खालची 5 सेंमी माती वेगळी ठेवा. प्रत्येकी साधारण एक लिटर भरेल. ती 20 बाय 25 सेंमीच्या ट्रेमध्ये 2 सेंमी जाडीची पसरा, सावलीत ओलसर ठेवा आणि वरून बारीक जाळी टाका. शेजारी चांगल्या भाजलेल्या मातीचा एक ट्रे ठेवा. त्यात काही उगवलं तर ते वाऱ्याने आलेलं समजा. रोपं ओळखू आली की मोजून उपटा आणि माती हलवा. असं सहा ते आठ आठवडे चालू द्या. मोजलेल्या रोपांना 51 ने गुणलं की त्या थरात चौरस मीटरला किती बी आहे तो आकडा मिळतो, म्हणजे 40 रोपं आली तर सुमारे 2,000. सुप्तावस्थेतलं (जिवंत पण इतक्यात न उगवणारं) बी यात दिसत नाही, म्हणून हा आकडा कमीत कमी धरा. लव्हाळा गाठींपासून येतो, त्याला हा हिशेब लागू नाही.

वरच्या थरात बी जास्त निघालं तर खोल नांगरू नका. गाडलेलं बी टिकतं आणि पुढच्या नांगरटीला वर येतं. पहिल्या पावसानंतर दहा-बारा दिवस तण उगवू द्या आणि ते उताराला आडवं, 2-3 सेंमीच खरवडा. खरवडलेलं तिथेच पसरलं तर माती धुपत नाही. केना मात्र अपवाद आहे. पावसात त्याच्या पेरांना मुळं फुटतात, म्हणून तो बांधावर न टाकता कातळावर वाळवा. नागली ओळीत लावा. फेकून पेरलेल्या नागलीत राननागली लोंबी येईपर्यंत ओळखू येत नाही. बांधावरचं गवतही फुलण्याआधी कापा, नाहीतर बांधच बियांचं कोठार होतो. आणि कुरडूच्या भाजीसाठी नुसते शेंडे खुडू नका, त्याने फांद्या वाढतात. मुळासकट उपटा, भाजी तरीही होते.

प्रश्न : राब (रोपांच्या वाफ्यावर पालापाचोळा, शेण पसरून जाळणं) भाजल्यावर वाफ्यात तण येऊ नये ना? आमच्याकडे येतं. (वाचक, खर्डी, ता. शहापूर)

उत्तर : राबाची धग वरच्या काही सेंमी मातीतच पोचते. भाजल्यावर तुम्ही कुदळीने खोल खणत असाल तर न भाजलेलं बी स्वतःच वर आणता. माती वरच्यावर मोकळी करून बी पेरा. पाण्याची सोय असेल तर एप्रिल-मेमध्ये वाफा भिजवून त्यावर पारदर्शक पातळ प्लास्टिक चार ते सहा आठवडे कडा मातीने दाबून ठेवा. काळं प्लास्टिक माती तेवढी तापवत नाही. अर्धकच्चं शेणखत नंतर टाकलं की ही मेहनत वाया जाते, कारण गुरांच्या पोटातून बरंच बी जिवंत बाहेर येतं.

प्रश्न : मी ऐरोलीत राहतो. गावच्या शेतात खुरासणीवर पिवळी अमरवेल पसरली आहे. पुढच्या वर्षी काय पेरावं? (वाचक, ऐरोली)

उत्तर : नागली किंवा वरी. गवतवर्गीय पिकावर अमरवेल जगत नाही, तिचा उगवलेला दोरा आधाराविना काही दिवसांत सुकतो. मात्र नागलीत रुंद पानांचं तण राहिलं तर ती त्यावर चढते, म्हणून बेणणी (तण काढणं) चुकवू नका. उडीद फेरपालटाला घेऊ नका, त्यालाही ती धरते. बी मातीत दहा वर्षांहूनही जास्त टिकू शकतं, एका वर्षात काम होणार नाही. सध्याची वेल फुलण्याआधी, जिच्यावर चढली आहे त्या खुरासणीसकट कापा आणि वाळवून जाळा. त्या शेतातलं खुरासणीचं बियाणं पुढे पेरणीला ठेवू नका.