युरोपात मोटारींच्या वर्दळीपासून दूर, डोंगराळ भागातून आणि निसर्ग उद्यानातून जाणारा सायकल सहलीचा मार्ग कोणता?

माझ्या मते आपण 'फेनबान' हा मार्ग निवडावा. जर्मनीतील आखेनपासून बेल्जियममार्गे लक्झेंबर्गमधील ट्रोआव्हिएर्जपर्यंत जाणारा हा सुमारे १२५ किलोमीटरचा मार्ग जुन्या रेल्वेमार्गाच्या जागेवर तयार केलेला असून, रस्ते ओलांडण्याच्या जागा सोडल्या तर बहुतांश अंतरात मोटारी लागत नाहीत. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, त्यामुळे आयफेलच्या डोंगराळ मुलुखातही चढ साधारण दोन टक्क्यांच्या आतच राहतो, आणि सामानाने लादलेल्या सायकलसाठी हे फार मोलाचे आहे. आखेनकडून निघाल्यास बेल्जियममधील सूरब्रोट गावापर्यंत संथ चढण आहे. याच टप्प्यात होहेस फेन-आयफेल निसर्ग उद्यान लागते, आणि काल्टरहेरबेर्गच्या आसपास शेतघरांना वाऱ्यापासून आडोसा देणारी, छपरापर्यंत वाढवलेली 'बीच' नावाच्या झाडांची कुंपणे अवश्य थांबून पाहावीत. मोनशाऊ गाव मात्र खाली दरीत असल्यामुळे तेथे उतरल्यास परतीचा चढ खडा आहे. होहेस फेनच्या पठारावर पाऊस व धुके नेहमीचेच, त्यामुळे उन्हाळ्यातही रेनकोट जवळ ठेवावा. दोन्ही टोकांना रेल्वे स्थानके आहेत. घाई न करता तीन दिवस द्यावेत.