थिसिस लिहून झालाय, पण सबमिट होत नाहीये

'प्रबंध जवळजवळ झालाय मॅडम, फक्त शेवटचा हात फिरवायचा राहिलाय.' समुपदेशक म्हणून पीएच.डी. करणाऱ्यांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता पुढचा प्रश्न आपोआप येतो. 'हा शेवटचा हात केव्हापासून फिरतोय?' बहुतेक वेळा त्यावर मान खाली जाते. कुणाचं एक वर्ष गेलेलं असतं, कुणाची तीन. येताना तक्रार मात्र नियमांची असते. मुदत संपत आली, नवीन परिपत्रक निघालंय म्हणे, प्लेजरिझमचा, म्हणजे वाङ्मयचौर्याचा रिपोर्ट किती टक्के येईल, एक्सटर्नल म्हणजे बाहेरचे परीक्षक कोण असतील, व्हायवात म्हणजे तोंडी परीक्षेत काय विचारतील. रात्री झोप लागत नाही आणि सकाळी लॅपटॉप उघडवत नाही.

याच काळजीचे इतके जण भेटल्यावर एकीची गोष्ट सविस्तर लिहावी असं वाटलं. तिला आपण शुभदा म्हणू. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत आणि लिहायला तिची परवानगी आहे.

शुभदा एका सीनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते. ऊसतोड कामगारांच्या मुलांचं शिक्षण हा तिचा विषय. गळीत हंगामात उसाच्या फडावर, कामगारांच्या कोप्यांपुढे म्हणजे झोपड्यांपुढे बसून तिने प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. लेक तान्ही असतानाही जात होती. म्हणजे कष्टाची, धाडसाची कमतरता नव्हती. माझ्यासमोर बसली तेव्हा मात्र बॅगेचा बंद दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

'माझी सहा वर्षं जुलैत संपली. रजिस्ट्रेशन रद्द झालं असणार.'

'तसं पत्र आलंय?'

'नाही. पण स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात.'

'नियमावली वाचलीत?'

'नाही मॅडम. वाचवतच नाही.'

शेकडो प्रश्नावल्या तपासणाऱ्या बाईला स्वतःच्या नोंदणीचा नियम वाचवत नाही, याचं मला आश्चर्य वाटलं नाही. ज्यात आपल्याबद्दल वाईट काही लिहिलं असेल असं वाटतं, तो कागद माणूस उघडत नाही. न उघडलेल्या कागदातला मजकूर मग रोज थोडा थोडा भयंकर होत जातो. पुढच्या वेळी नोंदणीपत्र घेऊन या, एवढंच मी सांगितलं.

समुपदेशकाला विद्यापीठाचे नियम कशाला हवेत, असं सहकारी मला विचारतात. माझं मत ठाम आहे. भीतीतला खरा भाग किती आणि आपण वाढवलेला किती हे वेगळं करायचं, तर खरा भाग आधी माहीत हवा. म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ आणि २०२२ च्या पीएच.डी. नियमावल्यांच्या प्रती माझ्या टेबलाच्या खणात असतात आणि मी त्या अनेकांबरोबर ओळ अन् ओळ वाचल्या आहेत.

पुढच्या वेळी शुभदा नोंदणीपत्र घेऊन आली. नोंदणी जुलै २०१८ ची. नवी नियमावली ७ नोव्हेंबर २०२२ ला अधिसूचित झाली. त्याआधी नोंदणी झालेल्यांना जुने नियम लागू राहतात. हे अनेकांना माहीत नसतं आणि दोन्हींची सरमिसळ करून घाबरत राहतात. तिला लागू असलेल्या २०१६ च्या नियमात कमाल मुदत सहा वर्षांची, पण स्त्रियांना आणि चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षांची सवलत देता येते. शिवाय प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी पूर्ण कालावधीत एकदा २४० दिवसांपर्यंत रजा. ती शुभदाने घेतलीच नव्हती. (२०२२ च्या नियमात सहा वर्षांनंतर पुनर्नोंदणी करून दोन वर्षं मिळू शकतात आणि स्त्रियांच्या बाबतीत सगळं धरून दहा वर्षांच्या आत काम संपवायचं असतं.) प्रगती समाधानकारक नसेल तर संशोधन सल्लागार समितीने आधी कारणं नोंदवायची, सुधारणा सुचवायच्या आणि तरीही जमलं नाही तरच नोंदणी रद्द करण्याची शिफारस करायची. तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी नाव कापलं, असं होत नाही.

'म्हणजे अर्ज केला तर मला २०२६ पर्यंत वेळ मिळू शकतो?'

'मिळू शकतो. अर्जावर गाइडची सही लागेल.'

आता तिला हायसं वाटेल असं कुणालाही वाटलं असतं. तिचा चेहरा उतरला. बराच वेळ ती त्या पत्राकडे बघत राहिली आणि मग अगदी हळू म्हणाली, 'रद्द झालं असतं तर बरं झालं असतं.'

या वाक्यापाशी मी थांबले. घाईने धीर द्यायची वेळ ही नसते. 'असं कसं म्हणता, एवढी मेहनत केलीत' असं घरचे म्हणतात, मैत्रिणी म्हणतात, आणि ते वाक्य पुन्हा आत जाऊन बसतं. मी विचारलं, 'रद्द झालं असतं तर काय टळलं असतं?'

'सरांना दाखवायला लागलं नसतं.'

'दाखवल्यावर काय होईल?'

'म्हणतील, सहा वर्षांत हेच केलंत का?'

'समजा म्हणाले. मग?'

'मग काय मॅडम... मी बोगस ठरले ना.'

इथे सगळं उघड झालं. मुदतीच्या नियमाची तिला भीती होती, आणि त्याच नियमाचा आधारही होता. नियमाने बाहेर काढलं असतं, तर प्रबंध कुणीच वाचला नसता. 'मुदत संपली हो, नाहीतर झालंच असतं' असं आयुष्यभर सांगता आलं असतं. पण वाचणारा वाचणार, मत देणार, आणि ते मत आपल्या कामावर नसून आपल्यावर असणार, अशी तिची पक्की समजूत होती. आज मी ठामपणे सांगू शकते, की सबमिशनपाशी अडलेल्या बहुतेकांच्या आत हीच समजूत असते. वेळ कमी पडणं, डेटा कमी पडणं, इंग्रजी कच्चं असणं, ही सगळी कारणं खरी असतात, पण ती यांच्यापेक्षा वाईट परिस्थितीत काम पुरं करणाऱ्यांनाही असतात.

शुभदाच्या बाबतीत घरानेही भर घातली होती. वडील साखर कारखान्यात वजनकाट्यावर कामाला होते. 'आमची पोरगी डॉक्टर होतेय' हे त्यांनी सगळ्या गावाला सांगून ठेवलेलं. भावाने नवीन घरावर नावाची पाटी रंगवून घेतली, त्यात तिच्या नावाआधी दोन अक्षरांची मोकळी जागा सोडलेली. दर सणाला माहेरी गेलं की ती रिकामी जागा दिसायची. प्रेमानेच सोडलेली जागा, पण तिचं काय ओझं होतं ते भावाच्या कधी ध्यानात आलं नसेल.

त्या दिवशी जाताना ती दारात थांबली. 'सरांनी तिसरं प्रकरण तपासून परत दिलंय. दिवाळीपासून पाकीट घरात आहे. उघडलं नाही.' पुढच्या वेळी ते इथेच उघडूया, असं ठरलं.

ते खाकी पाकीट मला अजून आठवतं. चिकटवलेल्या कडेवर विभागाच्या शिपायाने पुन्हा एक पिन मारली होती. तिने पिन नखाने काढली. आत तिचंच प्रकरण, समासात हिरव्या शाईतली बारीक अक्षरं. मी म्हटलं, एकेक शेरा मोठ्याने वाचा.

'"संदर्भ?"... "तक्ता ३.४ परिशिष्टात घ्या"... "हे वाक्य दोनदा आलंय"...'

'यात तुमच्याविषयी काय लिहिलंय?'

'माझ्याविषयी? काही नाही. तक्त्याविषयी लिहिलंय.'

मग एका पानावर ती अडली. तिथे अर्ध्या पानाला उभी रेघ होती. 'वाचा ना.'

'"हा भाग पुन्हा लिहा. निष्कर्ष आकडेवारीवर उभा राहत नाही."'

हाच तो शेरा. ज्याच्या धास्तीने आठ महिने पाकीट बंद राहिलं, तो खरोखरच आत होता. सगळी भीती खोटीच निघाली असं मी तिला सांगू शकत नव्हते आणि मला सांगायचंही नव्हतं. मी गप्प बसले. तिने ते अर्धं पान वाचलं, मागचं पान उलटलं, तक्ता पाहिला, पुन्हा पुढे आली. कपाळावर आठी पडली, पण ती आठी वेगळी होती. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या बाईची होती.

'बरोबर आहे सरांचं,' ती म्हणाली. 'हंगामात गावीच आजीकडे राहिलेली मुलं आणि फडावर आलेली मुलं मी एकत्र मोजलीत. वेगळी मोजायला हवी होती. प्रश्नावलीत माहिती आहे माझ्याकडे.' बॅगेतून पेन्सिल काढून ती समासात लिहायला लागली. मी समोर आहे हेही ती विसरली होती. थोड्या वेळाने मी विचारलं, 'मग, ठरलात का बोगस?' तिने वर पाहिलं आणि ती मोकळी हसली.

या क्षणासाठी मी हे काम करते. तिला कुणी 'तुझं छान आहे' म्हटलं नव्हतं. उलट सगळ्यात कडक शेरा तिच्या समोर होता, आणि तो वाचूनही ती होती तशीच होती, फक्त तिला पुढचं काम दिसत होतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ विचारसरणी मांडली, तिच्यावर माझी श्रद्धा आहे ती यासाठी. माणसाच्या कामाला गुण द्यावेत, माणसाला देऊ नयेत, हे ती शिकवते. म्हणूनच 'घाबरू नका, प्रबंध चांगलाच असेल' असा दिलासा मी देत नाही. मी तो वाचलेला नसतो, आणि असा दिलासा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतही टिकत नाही. त्यापेक्षा मी वाईटात वाईट शक्यतेपर्यंत बरोबर चालत जाते. परीक्षकाने दुरुस्त्या सुचवल्या तर त्या करायच्या. बाहेरच्या परीक्षकांपैकी एकाने नाकारलं तर प्रबंध मंजूर यादीतल्या दुसऱ्या परीक्षकाकडे जातो. त्यानेही नाकारलं तर पदवी मिळणार नाही. वाईट वाटेल, खूप वाटेल. तरी सोमवारी वर्गावर शिकवायला जाणारी शुभदा तीच असेल, आणि त्या मुलांच्या नोंदीही तिच्याकडेच असतील.

यानंतर तिला एक काम दिलं. पाचवं प्रकरण जसं आहे तसं, एकही ओळ न सुधारता, शुक्रवारी संध्याकाळी सरांना मेल करायचं. हे काम तिला फडावर जाण्यापेक्षा अवघड गेलं. पाठवलं, आणि रात्रभर जागी राहिली. शनिवारी सकाळी उत्तर आलं, 'मिळालं. सोमवारी दुपारी या.' एवढंच. त्या सोमवारी तिने मुदतीच्या अर्जावर सहीही घेतली.

तुम्ही अशाच ठिकाणी अडला असाल तर सुरुवात नोंदणीपत्रावरची तारीख बघण्यापासून करा. त्यावरून कोणत्या वर्षाचे नियम लागू ते ठरेल. मग आपल्या विद्यापीठाचा अध्यादेश वाचा, कारण फी, फॉर्म, सिनॉप्सिस (प्रबंधाचा सारांश) आणि प्री-सबमिशनच्या (प्रबंध देण्याआधीच्या सादरीकरणाच्या) तारखा तिथेच असतात. स्टाफरूममधल्या ऐकीव माहितीवर झोप घालवू नका. २०१६ च्या नियमाखाली असाल तर प्रबंधाआधी रेफरीड, म्हणजे तज्ज्ञांकडून निबंध तपासून घेणाऱ्या नियतकालिकात एक शोधनिबंध आणि परिषदांमध्ये दोन सादरीकरणं लागतात. २०२२ च्या नियमावलीत ही अट आयोगाने ठेवलेली नाही, मात्र तुमच्या विद्यापीठाने ठेवली आहे का ते विचारा.

प्लेजरिझमबद्दल सगळ्यात जास्त अफवा आहेत. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार दुसऱ्यांच्या लिखाणाशी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. दहा ते चाळीसच्या दरम्यान असेल तर ठरावीक मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, प्रबंध सुधारून पुन्हा द्यायचा. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, नीट संदर्भ दिलेली अवतरणं हे मोजणीतून वगळलेलं असतं. प्रामाणिकपणे काम केलेल्याने या आकड्याच्या धास्तीने प्रबंध अडवून ठेवावा असं त्यात काही नाही.

गाइडशी बोलणं बंद झालं असेल तर लांबलचक माफीचा मेल लिहू नका. तो लिहिण्यातच आठवडे जातात. 'सर, मधल्या काळात संपर्क ठेवता आला नाही. चौथं प्रकरण जोडलं आहे. केव्हा भेटू?' एवढं पुरे. आणि घरच्यांना माझी कळकळीची विनंती आहे, 'झालं का गं?' हे विचारणं थांबवा. त्याऐवजी रविवारी तीन तास लेकरू सांभाळा.

झोप, जेवण सगळंच बिघडलं असेल, जगण्यातच अर्थ वाटत नसेल, तर प्रबंध बाजूला ठेवून आधी मदत घ्या. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं. कोणतीही मुदत तुमच्यापेक्षा मोठी नाही.

शुभदाचा प्रबंध विद्यापीठात जमा झाला. एका परीक्षकाने मुलींच्या गळतीवरचा भाग वाढवायला सांगितला, तो तिने वाढवला. आता व्हायवाच्या तारखेची वाट आहे. परवा तिचा फोन आला होता, वडिलांना व्हायवाला येऊन बसायचंय, आणू का म्हणून. मौखिक परीक्षा खुली असते, विभागातले शिक्षक आणि संशोधक बसतात, घरच्यांचं विभागात विचारून घ्या, असं मी सांगितलं. विचारते म्हणाली.