आयडलला (गाडी उभी, अॅक्सिलरेटर सोडलेला) इंजिन डुलतंय? आधी पाइप बघा

ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमध्ये बसून हवा-पेट्रोलचं मिश्रण ओळखणारा) बदलायची घाई करू नका. सुरुवातीला सगळे तिथेच पैसे घालवतात (मीही घालवलेत), आणि दोष निघतो बोटभर रबरी पाइपात.

आधी एवढंच:

– व्हॅक्यूम पाइप (इंजिनाच्या ओढीला जोडलेले रबरी पाइप). नुसतं बघून कळत नाही. पाइप नळीवर चढतो तिथे बोटांनी वाकवा. चीर बहुतेक तिथेच तोंड उघडते. कडक झालेला पाइप सरळ बदला. ब्रेक बूस्टरचा जाड पाइप आणि पीसीव्हीचं (इंजिनातली वाफ परत आत ओढणारी झडप) रबरी वळण हमखास विसरतात.

– स्कॅनर जोडता येत असेल तर फ्युएल ट्रिम (गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा). एअर-फ्लो मीटरवाल्या (आत येणारी हवा मोजणारा) इंजिनात आयडलला +२० टक्के, २५०० आरपीएमला जवळपास शून्य, म्हणजे हवा चोरवाटेने शिरतेय. उलट लोडवर ट्रिम वाढत गेला तर पेट्रोल कमी पडतंय. फिल्टर आणि प्रेशर तपासा.

– सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट गळत असेल तर मिश्रण उगाच लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) दिसतं.

आयडल स्क्रूला हात लावू नका, दोष झाकला जातो. गळती शोधायला गरम इंजिनावर कार्ब क्लीनरचा स्प्रे तर मुळीच मारू नका, भडका उडतो. स्मोक टेस्ट (आत धूर सोडून गळती शोधणं) करून घ्या. इंजेक्टरचं नंतर बघू.