९८ टक्के अचूक म्हणजे नेमकं किती?

तुमची मुलगी एमएस्सीच्या प्रकल्पात सौर वादळाचा वीजवाहिन्यांवर होणारा परिणाम सांगणारं मॉडेल करतेय, ते ९८ टक्के अचूक निघालं, त्यावर भरवसा ठेवावा का, असं तुम्ही विचारलंत. फोंड्यात जानेवारीभर रोज ‘आज पाऊस नाही’ म्हणणाराही जवळपास रोज बरोबरच येतो. तिला आधी चार आकडे मांडायला सांगा: बरोबर पकडलेले धोके, सुटलेले धोके, उगाच वाजवलेल्या घंटा आणि बरोबर ठरलेले ‘नाही’.

समजा, वीस-वीस मिनिटांचे १००० तुकडे केले आणि त्यांतल्या २० मध्येच जमिनीवरचं चुंबकीय क्षेत्र धोक्याच्या वेगाने बदललं (या बदलामुळेच वाहिन्यांत नको तो प्रवाह उमटतो). मॉडेल कायम ‘नाही’ म्हणालं तरी ९८ टक्के! दुसऱ्या मॉडेलने २० पैकी १२ पकडले, ८ सोडले, ३० वेळा उगाच घंटा वाजवली. अचूकता ९६.२ टक्के, म्हणजे कमीच. पण हाइडके स्कोअर, म्हणजे नुसत्या योगायोगाने बरोबर आलेलं वजा करून उरणारं कौशल्य, काढा: पहिल्याचा शून्य, दुसऱ्याचा ०.३७. मी सबस्टेशनात असतो तर दुसरंच घेतलं असतं.

माझी खरी शंका वेगळी आहे. तिने सगळी मिनिटं पिसून त्यांतली काही चाचणीला ठेवली असतील, तर एकाच वादळाची शेजारशेजारची मिनिटं दोन्हीकडे गेली. पेपर आधीच फुटला! अख्खं वादळ बाजूला ठेवायला हवं.

शिवाय मॉडेल कॅनडा-स्वीडनच्या नोंदींवर शिकलंय का? १३ मार्च १९८९ ला क्यूबेकची वीज दोन मिनिटांच्या आत कोसळली, साठ लाख लोक नऊ तास अंधारात. तिथे ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यातले प्रवाह आणि खालचा वीज न वाहणारा खडक, दोन्ही नडले. आपल्या अक्षांशावर मोठा झटका बहुधा वादळाच्या सुरुवातीलाच, सौरवाऱ्याचा धक्का आदळताना बसतो. तो सूर्याच्या दिशेला पंधरा लाख किलोमीटरवर असलेल्या यानाला आधी कळतो. वारा सेकंदाला ८०० किलोमीटरने आला तर हातात अर्धा तास.

आणि चुंबकीय क्षेत्र बरोबर आलं म्हणजे काम झालं असं नाही. ट्रान्सफॉर्मरला जाणवतो तो न्यूट्रलमधून, म्हणजे जमिनीला जोडलेल्या टोकातून चढणारा, जवळजवळ डीसी (एकाच दिशेने वाहणारा) प्रवाह. तो पुरेसा वाढला की लोखंडी गाभा प्रत्येक चक्राच्या एका अर्ध्यात संपृक्त होतो, म्हणजे आणखी चुंबकत्व घेऊ शकत नाही, नेहमीची घूंऽऽ खरखरीत होते, तेल-टाकी तापते. त्या न्यूट्रलवर मोजलेली नोंद मिळत नसेल तर अहवालात ‘वीजवाहिन्यांवरचा परिणाम’ लिहू नये, ‘जमिनीवरचा चुंबकीय बदल’ एवढंच लिहावं.

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत १९०४ पासून नोंदी होताहेत. मे २०२४ चं मोठं सौर वादळ तिने शिकवताना वापरलं नसेल, तर अलिबागच्या त्या दिवसांवर मॉडेल चालवून बघू दे. चार आकडे आले की मला कळवा, मी बसून तपासतो.